दुसऱ्याच बोटीत

नामपूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सौ. लतास,

आधी 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. आपल्या वडिलांच्या काळी नवरा बायकोला पत्रातून आशीर्वाद द्यायचा, म्हणून हात तिकडेच गेला. मग 'स. न. वि. वि.' लिहिलं, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना रजेचा अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं. मराठीचे सर रजेवर असले की पत्रलेखन मीच घ्यायचो आणि मायन्याचा अर्धा गुण कापायचो. पण तेहतीस वर्षांत तुला एकही पत्र लिहायची वेळ आली नाही. त्यामुळे आज माझाच अर्धा गुण कापून घे.

तू ३१ मेला सेवानिवृत्त झालीस आणि १ जूनला सकाळच्या गाडीने नाशिकला गेलीस. समारंभातली शाल अजून सोफ्याच्या पाठीवर आहे. नारळ मी गणपतीत फोडला. जाताना तू दारात म्हणालीस, "मी का चालले ते कळलं की या. नाही कळलं तर येऊ नका. आणि फोन करू नका, फोनवर तुम्ही शिकवता." मला वाटलं, दमली आहे, चार दिवस स्नेहाकडे राहील आणि येईल. तू तर पाथर्डी फाट्याला खोली घेतलीस. लेक त्याच शहरात, आणि आई भाड्याच्या खोलीत एकटी! हे मी कुणाला सांगू? गावात मी सांगितलं, स्नेहाच्या बाळंतपणाला गेली आहे. स्नेहाचा मुलगा आता जूनमध्ये पहिलीला जाईल. परवा भिकाने दुकानात सगळ्यांदेखत विचारलं, "सर, बाई कव्हय येतीन?" मी म्हटलं, बाळंतपण जरा लांबलंय. लोक हसले, मग मीही हसलो.

आठ महिने मी डोकं खाजवतोय. वस्तुनिष्ठ प्रश्नासारखे पर्याय काढून बघितले. अ) माझ्या आईची नऊ वर्षांची अंथरुणातली सेवा. पण आई जाऊनही सहा वर्षं झाली. ब) तुझी कळवणची बढती मी नको म्हटलं, ती. पण तेव्हा तूच म्हणाली होतीस की जाऊ दे. क) सकाळी पाचला चहा लागतो, तो. तो तर माझ्या वडिलांनाही लागायचा. ड) वरीलपैकी सर्व. 'ड'वर खूण करणारी मुलं बहुतेक वेळा अभ्यास न केलेली असतात, हे मी वर्गात नेहमी सांगायचो.

तुझ्या समारंभात माझं काही चुकलं म्हणावं, तर मी तुझं कौतुकच केलं. पस्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून तू केलेली बाळंतपणं, लसीकरणं, भरपावसात वस्तीवस्तीवर जाणं, सगळं बोललो. शेवटी म्हणालो, "आजवर बाई गावाच्या होत्या, उद्यापासून त्या आमच्या, पूर्णवेळ, चोवीस तास!" केवढ्या टाळ्या पडल्या. तूही हसत होतीस. मग एका रात्रीत काय झालं?

पत्राचं कारण वेगळंच आहे. स्नेहाने तुला-मला न विचारता दोघांची व्हिएतनामची सहल ठरवली होती. एका बोटीत बसले की झक मारत बोलतील, असा तिचा बेत. तू नाही म्हणालीस. मीही नाहीच म्हणणार होतो, पण तिने माहितीपत्रक दाखवलं. समुद्रात उभे चुनखडीचे डोंगर, हजार-दोन हजार, आणि त्यांच्या पोटात गुहा. बत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की छतावरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. फळ्यावर हजार वेळा काढले. डोळ्याने एकही पाहिला नाही. आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा दगड. म्हणून जातो आहे.

तिथून लिहीन. फोन करणार नाही.

आपला विश्वासू,
निवृत्ती रामचंद्र अहिरे
(सेवानिवृत्त शिक्षक)

'आपला विश्वासू' हेही सवयीने झालं. राहू दे.


हनोई
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

सौ. लता,

जेवणाची हाक यायला तासभर आहे, तेवढ्यात लिहितो. आज एक भलताच प्रकार झाला आणि तो आधी तुलाच सांगावासा वाटला. का वाटला ते कळत नाही.

आमचा ग्रुप सव्वीस जणांचा, सगळे नाशिक जिल्ह्यातले. टूर मॅनेजर योगेश नावाचा मुलगा आहे, सिडकोतला, दिवसभर माणसं मोजत असतो. तुझ्या जागी खोलीत मला लासलगावचे मल्हारीशेठ दिलेत. कांद्याचे व्यापारी, बायको जाऊन तीन वर्षं झाली. घोरतात, पण माणूस सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, मंडळी नाय आल्या?" मी म्हटलं, त्यांना बोट लागते. तुला बोट लागते की नाही, हे मला खरंच माहीत नाही. आपण कधी बसलोच नाही.

सकाळी बसने तीन तास प्रवास करून 'हा लाँग' नावाच्या उपसागराच्या धक्क्यावर आलो. दिवसभराची बोट, जेवण बोटीवरच. गाईड तुआन म्हणून एक हसरा माणूस. तो इंग्रजीत सांगायचा, योगेश मराठीत सांगायचा आणि मग मी दोघांचं दुरुस्त करायचो. सगळ्यांना भगव्या टोप्या दिल्या. योगेश म्हणाला, "काका-काकू, आपल्या बोटीचा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा, सगळ्या बोटी सारख्याच दिसतात." मी कसला टाकतो! ज्याने बत्तीस वर्षं दिशा शिकवल्या, तो धक्का विसरेल होय?

लता, ते डोंगर. आपल्या साल्हेर-मुल्हेरसारखे पायऱ्या-पायऱ्यांचे नाहीत. पाण्यातून सरळ उभे उठलेत, अंगावर झाडी, आणि पाण्यालगत कमरेला करगोटा बांधल्यासारखी खाच. पाण्याने झिजवून झिजवून केलेली. एकामागून एक येतच राहतात. पुढचा कुठला आणि मागचा कुठला, कळेनासं होतं. तुआन म्हणाला, ड्रॅगनने आकाशातून मोती टाकले, त्यांचे हे डोंगर झाले. मी उभा राहिलो आणि पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कसा विरघळतो, त्याने चुनखडी कशी झिजते, हे सांगायला लागलो. अर्ध्यात बघतो तर सगळे फोटो काढायला वरच्या डेकवर गेलेले. फक्त मल्हारीशेठ उरले. ते म्हणाले, "सर, कांदा चार दिस पाण्यात ठेवला तर सडून जातोय. हे दगूड कसं काय टिकलं?" मी म्हटलं, टिकलंय कुठे, विरघळतंयच की, फक्त हळूहळू. ते म्हणाले, "मंग आपल्यासारखंच."

जेवणानंतर गुहेत नेलं. शंभरेक पायऱ्या चढून एका तोंडाने आत शिरायचं, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं. आत गेलो, लता. माझी फळ्यावरची चित्रं किती बारकी होती! एकेक स्तंभ देवळाच्या खांबाएवढा, आणि काही ठिकाणी वरचा आणि खालचा एकमेकांना भेटायला चार बोटं उरलीत. शंभर वर्षांत कसाबसा बोटभर वाढतो तो. म्हणजे या दोघांना भेटायला अजून तीन-चारशे वर्षं आहेत, असा मी तिथल्या तिथे हिशोब केला आणि ग्रुपला समजावून सांगितला. मग "चला" म्हटलं आणि नेहमीसारखा पुढे निघालो. हात पाठीमागे, नजर समोर. माझी चाल तुला माहीत आहे.

बाहेर पडलो, पायऱ्या उतरलो, धक्क्यावर पांढरी बोट उभी, पुढे चार भगव्या टोप्या चढत होत्या. मीही चढलो. खुर्चीत बसलो, पाण्याची बाटली मागे धरली आणि म्हटलं, "धर जरा." बाटली खाली पडली, गडगडत गेली. मागे वळून बघतो तर एकही ओळखीचा चेहरा नाही. सगळ्या तिथल्याच बायका, साठी-सत्तरीच्या, भगव्या टोप्या घातलेल्या. बोट निघालेली.

मी फार घाबरलो. उभा राहून ओरडलो, हातवारे केले. माझं इंग्रजी त्यांना येईना, त्यांची भाषा मला कळेना. पाऊण तास जीव नुसता टांगणीला. पुढच्या बेटावर दोन्ही बोटी लागल्या तेव्हा योगेश धावत आला, रडायचाच बाकी होता. मल्हारीशेठ तर कठड्याला धरून उभेच होते म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चूक अर्थातच गाईडची. दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायचं तर धक्का दुसरा असणार, हे त्याने ठासून सांगायला हवं होतं.

बसमध्ये येताना मी सगळ्यांना आपला देवळ्याचा किस्सा सांगितला. म्हटलं, एकदा बायकोला देवळ्याच्या स्टँडवर विसरून एसटीने पुढे गेलो होतो, आज माझी पाळी आली! सगळे पोट धरून हसले. मल्हारीशेठ तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मागं बघायचं ना सर एकदा. आपली माणसं येऊन राह्यली का नाय."

जेवायला बोलावताहेत.

निवृत्ती सर


नामपूर
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

लता,

उत्तर सापडलं.

मल्हारीशेठचं ते वाक्य डोक्यातून जाईना. विमानात तेच, घरी आल्यावर तेच. मग मी देवळ्याचा किस्सा पहिल्यांदाच, न हसता, मनाशी सांगून बघितला.

जून २००९. स्नेहाला नाशिकच्या कॉलेजात अकरावीला घालून, हॉस्टेलवर सोडून आपण परत येत होतो. तू सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होतीस. देवळ्याला गाडी थांबली, तू म्हणालीस, आलेच. मी पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी पावसाबद्दल बोलत होतो. कंडक्टरने विचारलं, "आले का सगळे?" आणि मी, मागे न बघता, वर्गात हजेरी झाल्यावर म्हणतो तसा म्हणालो, "आले सगळे, चला!" डबल बेल दिली त्याने. सटाण्याला उतरताना मी पिशवी मागे धरली, "धर जरा" म्हणालो, आणि पिशवी खाली पडली. त्यातला वरणाचा डबा सांडला. या जागी लोक सगळ्यात जास्त हसतात, म्हणून मी डबा नेहमी सांगतो.

दोन तासांनी तू आलीस. मी स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो. तू उतरून म्हणालीस, "चला," आणि आपण नामपूरची गाडी धरली. तू रागावली नाहीस. मला वाटलं, गोष्ट संपली. उलट मला एक किस्सा मिळाला. लग्नात, मुंजीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितला. माझ्या निरोप समारंभात सांगितला आणि तुझ्याही. तू शेजारी बसून पन्नासदा तरी ऐकला असशील.

तेहतीस वर्षं मी पुढे चालत राहिलो आणि मागे कोणी आहे हे धरूनच चाललो. बोटीत माझ्यामागे ओळखीचं कुणी नव्हतं, तरी मी बाटली मागे धरली. म्हणजे मी माणसाला नाही, सवयीला बाटली देत होतो. तुला देवळ्याला सोडून गेलो याचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर सोळा वर्षं हशा मिळवला याचं जास्त. माफ कर.

मी यापुढे मागून चालेन. निदान शेजारून. आता येऊ ना? रविवारी येतो. उत्तर बरोबर आहे याची मला जवळजवळ खात्री आहे.

निवृत्ती


नामपूर
रविवार, ९ मार्च २०२५

लता,

तुझा निरोप स्नेहाने सांगितला. शब्द न शब्द सांग म्हणून मी तिला दोनदा बजावलं. ती म्हणाली, "आई पत्र वाचून हसली. मग म्हणाली, त्यांना सांग, देवळ्याचं नाही. देवळ्याला मला काहीच झालं नव्हतं. उलट..." मी विचारलं, आणि पुढे? "पुढे काही नाही बाबा. 'उलट' म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली."

मी चिडलो. खरंच चिडलो. माणसाने पोटातून काढून माफी मागावी आणि समोरच्याने ती परत पाठवावी, की पत्ता चुकला! मी स्नेहाला म्हटलं, तुझ्या आईला नेमकं पाहिजे तरी काय? ती म्हणाली, ते मला विचारू नका, मी फक्त पोस्टमन. दोन दिवस मी स्वयंपाकही धड केला नाही. मागून चालतो म्हटलं तरी नको, शेजारून म्हटलं तरी नको, मग मी चालायचं कुठून?

त्यातच मल्हारीशेठचा फोन आला, खुशाली विचारायला. बोलता बोलता म्हणाले, "सर, राग नका मानू. तुमी त्या दुसऱ्या बोटीत लय घाबरले म्हणून सांगतात. पण मी बघितलं ना. आमची बोट तुमच्या जवळून गेली. तुमी तर केळं खात होते." मी म्हटलं, तुम्हाला भास झाला असेल. ते म्हणाले, "आसंल," आणि कांद्याच्या भावावर गेले.

काल सकाळी उठलो आणि देवळ्याला गेलो. काही काम नव्हतं. स्टँडवर ज्या बाकावर तू बसली असशील असं वाटलं, तिथे बसलो. आता स्टँड थोडं बदललंय, पण बाक तसेच आहेत. सटाण्याची गाडी आली, गेली. थोड्या वेळाने दुसरी आली. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं. मग तिसरी. मी उठून वेळापत्रकाचा फलक वाचला, चौकशी खिडकीत विचारलं. म्हातारा होता, म्हणाला, "देवळा-सटाणा? त्याला काय तोटा? आधीपासून वीस-पंचवीस मिन्टाला गाडी."

मी परत येऊन बसलो. सोळा वर्षं मी 'दोन तासांनी आली' असं सांगत आलो, तेही टाळ्यांसाठी. मी भूगोलाचा मास्तर, या रस्त्यावरची प्रत्येक गाडी मला पाठ, आणि दोन तास का लागले हे मी तुला कधी विचारलं नाही. नाही, विचारलं होतं. तू म्हणालीस, "गर्दी होती." आणि तू उतरलीस ती गाडी अर्धी रिकामी होती, हे मला काल बाकावर बसल्यावर आठवलं. तुझ्या हातात तिखट-मीठ लावलेली काकडी होती. अर्धी खाल्लेली. मला बघून तू ती पदराआड केलीस.

आता बोटीचं खरं सांगतो. आधीच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

मी ओरडलो नाही. बाटली पडली, एका आजीने उचलून दिली आणि बाजूला सरकून मला खिडकीशी जागा करून दिली. मला वाटलं, आता घाबरायला हवं. वाट बघितली, पण भीती येईना. कुणी काही विचारलं नाही. त्यांना माझी भाषा येत नव्हती, त्यामुळे मला काही समजावूनही सांगता येईना. उकडलेल्या शेंगा दिल्या, त्या खाल्ल्या. केळं दिलं, ते खाल्लं. दोघी झोपल्या होत्या, एक विणत होती. मी कुणाचा सर नव्हतो, कुणाचा बाबा नव्हतो. डोंगर येत होते आणि जात होते. सकाळपासून मी त्यांच्याबद्दल बोलतच होतो. बघितले ते तेव्हा. पुढचा कुठला, मागचा कुठला, कळत नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. इतकं हलकं मला कधी वाटल्याचं आठवत नाही.

मग आपली बोट दिसली. पन्नास-साठ हातांवरून जात होती. कठड्याशी मल्हारीशेठ कपाळावर हात धरून बोटी न्याहाळत होते. मी नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. मी डोक्यावरची भगवी टोपी काढली आणि खिशात ठेवली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. योगेश बिचारा माझ्यासाठी रडकुंडीला आला होता, आणि तो मला मिठी मारत असताना मी मनात म्हणत होतो, अजून अर्धा तास मिळाला असता तर! माझी मलाच लाज वाटली. म्हणून मग ती ओरडण्याची गोष्ट रचली.

तर असं आहे. मी पाऊण तासासाठी टोपी लपवली. तुला दोन तास मिळाले होते. सकाळी पाचच्या चहापासून तुझ्या मागे मी, माझी आई, स्नेहा, माझे शिकवणीचे विद्यार्थी, आणि बाहेर पडलीस की अख्खं गाव. 'बाई, जरा बघता का' म्हणून रात्री-अपरात्री दार वाजायचं. या सगळ्यात तुला तेवढा एक देवळ्याचा बाक मिळाला. पुढची पंधरा वर्षं तू निवृत्तीची वाट बघितलीस. आणि ३१ मेला मी माईक हातात घेऊन अख्ख्या गावासमोर सांगितलं की उद्यापासून बाई चोवीस तास आमच्या. टाळ्या वाजल्या. तू हसत होतीस असं मी लिहिलं होतं. मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. लोक हसत होते, म्हणून तूही हसत असशील असं धरून चाललो.

हे उत्तर बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही. मागच्या वेळी खात्री होती, यावेळी नाही. आणि गोंधळ असा की, बरोबर असेल तर तुझ्या अटीप्रमाणे मी यायला हवं. पण बरोबर असेल तर मी येणं म्हणजे त्या बाकावर परत येऊन बसण्यासारखं आहे, पिशवी पुढे करून. चुकलं असेल तर येऊ नको म्हणालीस. म्हणजे दोन्हीकडून माझं येणं होत नाही. रविवारी येतो म्हटलं होतं, पण आलो नाही, येत नाही. सकाळी पाचचा चहा मी आता सहाला करतो, आणि हळूहळू बरा व्हायला लागलाय.

एकच विचारतो. कपडे वाळत घालायला गेलीस तरी चालेल, पण याचं उत्तर दे. त्या दिवशी देवळ्याला तू गाड्या किती सोडल्यास?

निवृत्ती


नामपूर
बुधवार, १९ मार्च २०२५

लता,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं असणार, कारण देताना माझ्याकडे फार वेळ बघत उभा राहिला. तुझं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखंच आहे, पण मला लागलं.

"सहा. रविवारी या. संध्याकाळच्या गाडीने परत जा."

मी पाच धरल्या होत्या. बाकावर बसून बोटांवर मोजल्या तेव्हा सहावी मला खरी वाटली नाही. सहावी सोडताना तुला काय वाटलं असेल, हे विचारणार होतो. नाही विचारत. तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

काल भिकाने पुन्हा विचारलं, बाई कव्हय येतीन. दुकानात सहा-सात जण होते. मी म्हटलं, "बाई नाशिकला राहतात. एकट्या. खोली घेतली आहे. बऱ्या आहेत." कुणी हसलं नाही. भिकाने घाईघाईने चहा मागवला. मग त्याची आई, साळूबाई, आतून म्हणाली, "बरं करं बाईनी." तिची पाचही बाळंतपणं तू केलीस, तिला तुझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो, अकराच्या सुमारास पोचेन. दार तू उघड, मी वाजवून मागे सरून उभा राहीन. स्वयंपाक करू नकोस. साळूबाईच्या मळ्यातल्या काकड्या आणतो, तिखट-मीठ तुझ्याकडे असेलच. लवणस्तंभांबद्दल तू विचारल्याशिवाय एक अक्षर बोलणार नाही. मला भीती वाटते आहे आणि आनंदही होतो आहे, आणि यातलं कुठलं जास्त ते कळत नाही.

संध्याकाळी सव्वापाचची सटाणा गाडी आहे. तिचं आरक्षण आजच करून ठेवलं, खिडकीची जागा मिळाली. तुझी खात्री पटावी म्हणून कागद जोडला आहे.

निवृत्ती

सोबत : परतीच्या तिकिटाची झेरॉक्स प्रत, एक.